पोहता येणारे टिपणीस

माणसाने आयुष्यात एखादं खोटं बोलावं, पण ते स्वतः बोलावं. दुसऱ्याने आपल्या वतीने बोललेलं खोटं फार वाईट. बोलण्याची मजा त्याला मिळते आणि निस्तरायचं मात्र आपल्याला.

नंदकुमार टिपणिसांच्या वाट्याला असं एक खोटं चाळीस वर्षांपूर्वी आलं, तेही महाडला, मुलगी बघायला गेले असताना. "मुलाला छंद काय?" मुलीचे वडील नाना यांनी विचारलं. उत्तर मुलाच्या मामांनी दिलं, कारण अशा प्रसंगी नंदकुमार समोरच्या बशीकडे बघत असत. "वाचन," मामा म्हणाले. नानांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वाचनाने कुणाचं भलं झालेलं त्यांनी महाडात पाहिलं नसावं. तेव्हा मामांनी घाईघाईने पुस्ती जोडली, "आणि पोहणं! रोह्याचा मुलगा आहे, नाना. कुंडलिका या काठावरून त्या काठाला. मासा हो, मासा!" नानांचा चेहरा उजळला. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. नंदकुमारांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तोंडात लाडू होता. आणि तो संपेपर्यंत लग्न ठरलं होतं.

वस्तुस्थिती अशी की नंदकुमार कुंडलिकेत घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. पुढे चौतीस वर्षं त्यांनी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या हजारो चुका त्यांनी लाल शाईने दुरुस्त केल्या. स्वतःच्या संसारातली ही एकच चूक मात्र दर आवृत्तीत तशीच छापली जात राहिली. अलिबागला गेले, काशीदला गेले, गणपतीपुळ्याला तर तीनदा गेले. दरवेळी "सामानाजवळ कुणीतरी हवं" असं म्हणून ते चपलांच्या ढिगाशेजारी पुस्तक घेऊन बसले. पुढे कान दुखायला लागला. खरोखरच दुखायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी "पाणी जाऊ देऊ नका" असं सांगितलं तेव्हा त्या दवाखान्यात आनंदाने हसलेला तो पहिलाच रुग्ण असेल.

अशी चाळीस वर्षं निभावली. बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला पोहायची वेळ तरी कधी येणार? सोसायटीचं नाव 'सागरदर्शन' होतं खरं, पण सागराचं दर्शन घ्यायला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागे, आणि तिथे चढायला सेक्रेटरींची लेखी परवानगी लागे.

मग हैदराबादहून गीतांजलीचा फोन आला. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून लेकीने दोघांची अंदमानची सहल ठरवली होती. व्हिडिओ कॉलवर ती फॉर्म भरत होती. तळाला काच असलेली बोट, खारफुटीतून कयाक, आणि तिसऱ्या दिवशी भर समुद्रात स्नॉर्केलिंग. म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात वाकडी नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचं प्रवाळ बघायचं.

"बाबा, स्विमर का नॉन-स्विमर?"

"विचारतेस काय? स्विमर लिही!" स्मिताताई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या. "तुझे बाबा कुंडलिका ओलांडायचे."

"खरंच, बाबा? मी तर कधी बघितलं नाही."

"कान," नंदकुमार म्हणाले.

"कान आता बरा आहे," स्मिताताई हात पुसत फोनसमोर आल्या. मग जरा हळू आवाजात, नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "गीतू, मला ना फार बघायचंय गं ते प्रवाळ. पण पाण्याची मला भीती वाटते. हे बरोबर असले तरच मी उतरणार. नाहीतर काठावरून बघेन."

झालं. नंदकुमारांच्या गळ्यात दोन्ही बाजूंनी फास बसला. पाण्यात उतरलो नाही, तर हिचं प्रवाळ राहतं. खरं सांगितलं, तर चाळीस वर्षं खोटी ठरतात. त्याच संध्याकाळी ते सांगणारही होते. पण स्मिताताई जमिनीवर बसून एका वहीत माशांची नावं उतरवून घेत होत्या, शाळकरी मुलीसारखी जीभ किंचित बाहेर काढून. नंदकुमारांनी तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेणार?"

सहलीला तीन आठवडे होते. अशा वेळी दुसरा एखादा माणूस पाण्यात उतरला असता. नंदकुमार वाचनालयात गेले. पोहण्यावरची चार पुस्तकं त्यांनी आणली, वर्तमानपत्राच्या कव्हरात घातली आणि अभ्यासाला लागले. मानवी शरीर पाण्यावर का तरंगतं हे पाच दिवसांत त्यांना इतकं स्वच्छ समजलं, की एखादा बुडत असता तर ते काठावर उभे राहून त्याला पटवून देऊ शकले असते. पाणबुड्यांच्या हातांच्या खुणाही त्यांनी पाठ केल्या. राहता राहिलं प्रात्यक्षिक.

स्मिताताई भजनी मंडळाला गेल्या की नंदकुमार बेडरूममधल्या स्टुलावर पालथे पडून हातपाय मारत. चौथं पुस्तक समोर उघडं. एका दुपारी दार नीट लागलं नव्हतं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी कुंदन म्हात्रे पाणीकपातीची नोटीस घेऊन आत आले.

"काका! ओ काका! अटॅक आला काय?" म्हात्र्यांनी नोटीस टाकली आणि नंदकुमारांना पाठीमागून मिठी मारून उचललं. म्हात्रे कबड्डी खेळलेले. स्टूल एकीकडे, चष्मा दुसरीकडे. आवाज ऐकून समोरच्या वहिनी कांदा घेऊन धावल्या, आणि फिट नाही असं नंदकुमार सांगेपर्यंत तो त्यांच्या नाकाला लागलासुद्धा.

"सराव," नंदकुमार धापा टाकत म्हणाले. "पोहण्याचा. आम्ही अंदमानला..."

"च्यायला!" म्हात्र्यांच्या डोळ्यांत एकदम आदर दाटला. "या वयात? आणि आमी साले चाळिशीत लिफ्ट बंद पडली का घरी बसतो. काका, मानलं तुमाला!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. सल्ल्यांना ऊत आला. पहिल्या मजल्यावरून कानात घालायला खोबरेल आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तिकडे मगरी असतात अशी माहिती दिली आणि वर "पण घाबरू नका, त्या सहसा सकाळीच येतात" असा दिलासा दिला. स्नॉर्केलिंगची बोट सकाळचीच होती. समोरच्या वहिनींनी निघायच्या आदल्या दिवशी उसळ खाऊ नका म्हणून बजावलं. का, ते त्या सांगेनात. नंदकुमारांनी सगळ्यांचे आभार मानले. आभार मानायचे आणि घरात येऊन दार लावायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता होता.

शेवटी मनाचा हिय्या करून ते कोपरखैरण्याला 'जलतरंग क्रीडा मंडळ' नावाच्या तरणतलावावर गेले. तिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही, एवढाच तो तलाव निवडण्यामागचा विचार. खिडकीत एक तरुण बसला होता.

"कोणाला शिकवायचंय? नातवाला?"

"मला," नंदकुमार म्हणाले.

"वय?"

"अडुसष्ट."

"साठच्या वर सीनिअर बॅच. सकाळी अकरा ते बारा. दोन फोटो, डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि पोहता येत असल्याचा दाखला."

"पण मला पोहता येत नाही."

"मग लर्नर बॅच."

"द्या."

"लर्नर बॅच साठपर्यंतच आहे, काका."

नंदकुमारांनी चष्मा पुसला. "म्हणजे साठीनंतर ज्याला पोहता येत नाही त्याने काय करायचं?"

त्या तरुणाने नियमावली उलटीसुलटी पाहिली. मग फार सहानुभूतीने म्हणाला, "पाण्यापासून लांब राहायचं."

खरं म्हणजे नंदकुमारांना हा नियम मनापासून पटला. इतका सुज्ञ नियम लिहिणारा माणूस कोण, हे विचारावंसंही वाटलं. परतीच्या बसमध्ये त्यांना हलकं हलकं वाटत होतं. चाळीस वर्षांत "मला पोहता येत नाही" हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं होतं. फक्त चुकीच्या खिडकीत.

दहा दिवस उरले. नंदकुमारांनी आता थेट खाडी गाठायची ठरवली. दिवाळे गाव घरापासून चालत वीस मिनिटांवर. तिथल्या धोंडूबाईंकडून टिपणिसांकडे गेली पंचवीस वर्षं मासळी येत होती. भरतीच्या वेळी जेट्टीशेजारच्या उतारावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं, निदान पाण्याची ओळख तरी व्हावी, असा बेत. भरतीची वेळ काढायची रीत त्यांना ठाऊक होती: तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी दशमी, म्हणजे साडेसात. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना, पंच्याखाली नवी नायलॉनची चड्डी घालून नंदकुमार जेट्टीवर हजर. हिशोब अचूक. खाडी काठोकाठ भरलेली.

अडचण एवढीच, की उतारावर सात-आठ बायका जवळा वाळत घालत होत्या. इतक्या बायकांसमोर पंचा सोडायचा? नंदकुमार एका उलट्या होडीमागे बसले. म्हटलं, जातील. त्या गेल्या नाहीत. त्यांनी जवळा पसरला, उलथला, चहा प्यायला, एकीच्या सुनेवर सविस्तर चर्चा केली. नंदकुमार सभ्य माणूस; त्यांनी वर्तमानपत्र काढलं आणि छोट्या जाहिरातींसकट वाचलं. अकराच्या सुमाराला बायका उठल्या. नंदकुमारांनी इकडेतिकडे पाहिलं, पंचा सोडला, नीट घडी करून होडीवर ठेवला आणि वळले.

खाडी निघून गेली होती. साडेतीन तास कुठला समुद्र थांबतो? समोर लांबच लांब चिखल आणि पार पलीकडे पाण्याची एक रेघ. इथपर्यंत आलोच आहोत तर रेघेपर्यंत जाऊ, असं नंदकुमारांना का वाटलं, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. सहाव्या पावलाला ते मांड्यांपर्यंत आत गेले.

"ए मास्तर! थं कनाला गेलास?" मागून धोंडूबाईंचा आवाज आला. "हालू नको! जेवरा हालशील तेवरा आत जाशील!"

धोंडूबाई जिल्हाधिकाऱ्यालाही 'तू'च म्हणतात, आणि प्रूफं तपासणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. सत्तरीच्या बाई, पण त्यांनी होडीतली फळी ओढली, चिखलावर टाकली, तिच्यावर आडव्या झाल्या आणि नंदकुमारांच्या काखेत हात घालून त्यांना मुळा उपटावा तसं उपटलं. एक चप्पल मात्र खाडीने ठेवून घेतली.

बंदरावरच्या नळाखाली पाय धुताना नंदकुमारांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. मामा, लाडू, अंदमान, सगळं. धोंडूबाईंनी ऐकलं आणि इतक्या हसल्या की टोपलीवर टेकल्या.

"मंग बायकोला सांग."

"चाळीस वर्षं झाली हो."

"मंग आता काय ती सोरून जातेय तुला? कोन घेल तुला?" मग हसू आवरून त्या म्हणाल्या, "अरं मास्तर, मना तरी कुठं पवाला येतंय? जलम गेला ह्या पान्यावर. घो होरीवर, पोरं होरीवर, आन मी काठावर टोपली घेऊन. पान्याला हात जोरायचं, बस. तुला तोंड बुरवाची भीती वाटतेय ना? बादली हाय ना घरान? तिच्यान तोंड घाल आन बुरबुरं मोज."

चार पुस्तकांत हे कुठेही नव्हतं. नंदकुमारांनी त्यांना मनोमन नमस्कार केला.

घरी एकाच पायात चप्पल आणि धुऊनही मांडीपर्यंत चिखल राहिलेल्या नवऱ्याला पाहून स्मिताताईंनी गालावर हात ठेवला. "खाडीत गेला होतात? सरावाला?" त्यांच्या आवाजातला तो अभिमान ऐकून नंदकुमार मोरीत पळाले. दुपारी म्हात्र्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'आपले टिपणीस काका रोज खाडीत पोहतात. वय फक्त अडुसष्ट!' त्यावर छत्तीस अंगठे आणि अकरा नमस्कार आले. त्यातला एक नमस्कार स्मिताताईंचा होता.

त्यानंतरचे दहा दिवस नंदकुमार बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून होते. आधी चार बुडबुडे, मग दहा, मग चाळीस. शेवटी तर बादलीच्या तळाशी असलेली कंपनीची मोहोर त्यांना वाचता यायला लागली. तिच्यात एक अक्षर उलटं पडलं होतं.

अंदमानचं पाणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नंदकुमारांना वाटलं, कुणीतरी रंगाचा मजकूर दोनदा छापलाय. इतकं निळं एकदाच असणं शक्य नाही. पहिल्या दिवशी काचेच्या तळाच्या बोटीत स्मिताताई काचेवर ओणवून बसल्या, आणि सगळ्या बोटीला हाका मारमारून मासे दाखवू लागल्या. "तो बघा पोपट मासा! अहो मावशी, तुमच्या पायाखाली बघा, समुद्रकाकडी!" मार्गदर्शकाला येत नव्हती ती नावं त्यांच्या वहीत होती. दुसऱ्या दिवशी खारफुटीतून कयाक चालवायची होती. नंदकुमार मागे, स्मिताताई पुढे. नंदकुमारांनी पुस्तकाप्रमाणे वल्हं मारलं आणि कयाक जागच्या जागी तीन प्रदक्षिणा घालून झाडात घुसली. मग स्मिताताईंनी मागे न बघता सांगितलं, "तुम्ही नुसते बसा." आणि एकटीने ती होडी त्या हिरव्या बोगद्यातून अशी काढली, जणू महाडला कणगीतून तांदळाची मापं भरतायत. चौसष्ट वर्षांची बाई! नंदकुमार त्यांच्या पाठीकडे, अंबाड्याकडे बघत राहिले. आपण हिला पूर्ण वाचलंय असं त्यांना वाटत होतं.

तिसरा दिवस उजाडला. बोट किनाऱ्यापासून बरीच आत नेऊन उभी केली. बोटीवरची प्रमुख एक दणकट, उन्हाने करपलेली तरुणी होती, दिशा कोळी. मूळची उरणची. दहा वर्षांपूर्वी इकडे शिकायला आली ती इथलीच झालेली.

"नवी मुंबईचे? अरे वा, मग घरचेच की," असं म्हणून तिने यादी काढली. "स्मिता टिपणीस, नॉन-स्विमर. काकू, तुमाला जॅकेट आणि ही रबरी रिंग. रिंग धरायची, तोंड पाण्यात घालायचं, बाकी सगळं मी बघते. टेन्शन नाय घ्यायचं. नंदकुमार टिपणीस, स्विमर. काका, तुम्ही मास्क लावा आणि बाजूने सरळ उडी मारा. खोल आहे, बिनधास्त."

स्मिताताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही येताय ना?" नंदकुमारांनी मान हलवली. मग शिडीवरून एकेक पायरी, देवाचं नाव घेत त्या उतरल्या, रिंग धरली, आणि डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं.

अर्ध्या मिनिटाने त्या वर आल्या तेव्हा ओळखू येत नव्हत्या. मुखवट्यातून डोळे बशीएवढे. "अहो!" त्या ओरडल्या. "अहो, खाली बाग आहे! जिवंत बाग! या ना लवकर!"

नंदकुमार बोटीच्या कडेवर उभे होते. मुखवटा चढवलेला, नळी दातांत. खाली ते निळं, तळ नसलेलं. आता सांगितलंच पाहिजे. ते बोलले. नळीतून "हुं-हुं-हुंहुं" असा आवाज आला. दिशाने हात हलवला. मग त्यांना पाठ केलेली खूण आठवली: तळवा आडवा धरून डुलवायचा, म्हणजे 'काहीतरी बिघडलंय'. त्यांनी तळवा डुलवला. पाण्यातल्या गुजराती कुटुंबाने त्यांना उलट टाटा केला. कुणीतरी मोजायला लागलं, "वन, टू..."

नंदकुमारांनी नळी ओढून काढली.

"मला पोहता येत नाही!"

सगळ्या बोटीने ऐकलं. इंजिन नेमकं तेव्हाच बंद होतं.

"काय म्हणालात?" खालून स्मिताताई.

"मला पोहता येत नाही, स्मिता."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

स्मिताताई रिंगेला धरून लाटेबरोबर वर-खाली होत होत्या. मुखवट्यामुळे चेहऱ्यावरचं काही कळत नव्हतं. "मामा...?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि नंदकुमारांनी मान खाली घातली. मग स्मिताताईंनी तोंड पुन्हा पाण्यात घातलं.

नंदकुमारांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब मिनिटं. आता हिला रडू आलं असेल, आणि ते पाण्यात कळणारही नाही, असं त्यांना वाटलं. आपण इतकी वर्षं एका भल्या बाईला फसवलं, आणि तेही लाडू गिळायला उशीर झाला म्हणून!

स्मिताताईंनी डोकं वर काढलं.

"दिशा, त्यांना पण एक रिंग दे बाई," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही शिडीने या. लवकर. इथे एक पिवळा मासा कधीचा थांबलाय, तो काही तुमच्यासाठी दिवसभर राहणार नाही."

नंदकुमार शिडीने उतरले. पाणी छातीला लागलं तेव्हा शिडी सोडवेना. पण जॅकेटने त्यांना धरलं, रिंगेने धरलं, आणि रिंगेच्या पलीकडून एका ओल्या, सुरकुतलेल्या हाताने मनगट धरलं. त्यांनी तोंड पाण्यात घातलं.

खाली काय होतं ते लिहायला नंदकुमारांना पुढे कित्येक दिवस शब्द सापडले नाहीत. जांभळ्या शिंगांची झाडं होती. त्यांच्यामधून मासे असे चालले होते, जणू सगळ्यांना एकाच लग्नाला जायचंय आणि कुणालाच घाई नाही. तो पिवळा मासा खरोखरच थांबला होता. शेजारी स्मिताताई बोट दाखवत होत्या, इकडे, तिकडे, अजून तिकडे. त्या मनगट सोडत नव्हत्या. दिशाने वर बोलावलं तेव्हा बाकी सगळे बोटीवर पोचले होते. टिपणीस दांपत्य मात्र पालथं तरंगत होतं.

दिवसभर मात्र स्मिताताई बोलल्या नाहीत. संध्याकाळी दोघं वाळूवर बसले होते, तेव्हा त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, "त्या वर्षी दोन स्थळं होती मला. दुसरा बँकेत होता. दिसायलाही बरा होता."

नंदकुमार वाळूत बोटाने रेघा ओढू लागले.

"सावित्रीला पूर आला की आमच्या माडीला पाणी लागायचं. नाना म्हणाले, पोहणारा जावई असलेला बरा. म्हणून तुम्ही." त्यांनी मूठभर वाळू उचलली. "चाळीस वर्षं मी पावसाळ्यात निर्धास्त झोपले, अहो. तो मोठा पाऊस झाला होता तेव्हासुद्धा. गीतू कोपरखैरण्याच्या क्लासमध्ये अडकली आणि तुम्ही तिला आणायला गेलात. सगळ्या बायका रडत होत्या. मी म्हटलं, यांना काय, पोहता येतं. गुडघाभर पाणी ते काय!"

"गुडघाभर नव्हतं," नंदकुमार हळूच म्हणाले. त्यांना तपशिलातली चूक सहन होत नसे. "इथपर्यंत होतं." त्यांनी छातीला हात लावला. "गीतूला खांद्यावर घेतलं होतं."

स्मिताताई त्यांच्याकडे वळल्या.

"पोहता येत नसताना?"

"पर्याय नव्हता," नंदकुमार ओशाळून म्हणाले. "ती तिकडे होती ना."

स्मिताताईंनी मुठीतली वाळू सोडली, हात झटकले आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या बँकवाल्याला म्हणे पुढे मधुमेह झाला." टिपणिसांच्या घरात माफी अशी जाहीर होते.

बेलापूरला परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हात्रे कागद-पेन घेऊन दारात उभे. "काका, एक नंबर न्यूज! डिसेंबरात आपल्या विभागातल्या सोसायट्यांची ज्येष्ठांची जलतरण स्पर्धा आहे. 'सागरदर्शन'तर्फे तुमचं नाव सर्वानुमते पास झालं. फक्त सही."

नंदकुमारांनी चहाचा कप खाली ठेवला. आता तरी खरं सांगायलाच हवं होतं. त्यांनी धीर करून तोंड उघडलं. पण त्याआधीच ओट्याशी कोलंबी सोलत असलेल्या स्मिताताई बोलल्या.

"घाला त्यांचं नाव. आणि खाली माझंही घाला."

म्हात्र्यांचं पेन थांबलं. "काकू, तुमाला पोहता येतं?"

स्मिताताईंनी कोलंबीचा काळा धागा शांतपणे ओढून काढला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"यांना येतं तेवढंच येतं हो."